कुठून आलात, काहून आलात?

उभ्या मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात, माझ्या नणंदेच्या थोरल्या दिरांइतके प्रश्न कुणी विचारले नसतील, कोतवालानंसुद्धा नाही. आणि अशा थोर माणसाच्या पिठल्यात मी पहिल्याच भेटीत मूठभर मिरच्यांचा ठेचा कालवला. हसू नका, कारण ऐका. माझ्या लग्नाला दोन वर्षं होऊन गेली होती, पाळणा हलत नव्हता. एक दिवस धोतराचा सोगा हातात धरलेला, उंच, काटकुळा माणूस ओसरीवर येऊन बसला आणि सासूबाईंना विचारू लागला, "सूनबाईचं माहेर कुठलं? किती कोस? लेकरं? तुमच्या गावात मुली देतात कोणकोणत्या गावचे लोक?" मी स्वयंपाकघराच्या दाराआड. मला दुसरं काय वाटणार? हा सोयरीक जमवणारा, आणि माझ्या उरावर सवत आणायला निघालाय! त्या वयात मी स्वतःला फार शहाणी समजत असे. अख्ख्या गावात हे कळलेली मी एकटीच होते.

लग्नात मी मान खाली घालून बसलेली, त्यामुळं सासरच्या सोयऱ्यांची मला फक्त पायताणंच ओळखीची. हे पायताण नवीन होतं. ते पिठलं दाजींनी (आम्ही सगळे त्यांना दाजीच म्हणायचो) शेवटच्या घासापर्यंत खाल्लं. डोळ्यांतून धारा, नाक लाल, कान लाल. तांब्याभर पाणी घशात ओतलं आणि पहिला शब्द काय काढावा? "मिरची जबरदस्त आहे. जवळा बाजारची, का वसमतची? अन् जवळा जवळ असताना वसमतहून काहून आणली?" सासूबाईंनी आत येऊन माझ्या पाठीत एक धपका घातला. "येडे, ताईचा दीर हाय तो! हैद्राबादला शिकून आलाय. समद्या मुलखाची चौकशी करून राहिलाय, निबंध लिव्हायचाय म्हणं." मग स्वतःशीच पुटपुटल्या, "चौकश्याच करायच्या व्हत्या तर हैद्राबाद कशाला? आमच्या गल्लीतल्या बाया न शिकता करतेत की."

निबंध काय होता, तर आपल्या मुलखात धान्य कुठून कुठं जातं, गावावर खरं राज्य कुणाचं चालतं, माणसं गाव का सोडतात आणि एकमेकांची डोकी का फोडतात. एवढं सगळं एका निबंधात! तो त्यांनी उभा जन्म लिहिला आणि पुरा केला नाही, कारण लिहायला बसले की दारावरून कुणीतरी जायचं आणि दाजी लेखणी टाकून त्याच्यामागं. बाजाराच्या दिवशी ते वेशीबाहेर उभे राहून गाड्या अडवायचे. "राम राम. कुठून आलात? तिकडचा बाजार सोडून इकडं काहून आलात?" निम्मे लोक त्यांना सरकारी माणूस समजून माल झाकायचे, निम्मे माझ्यासारखे, घरातल्या लग्नाच्या मुली झाकायचे. एकदा चावडीवर बसून त्यांनी येईल त्याला विचारलं, "या गावावर राज्य कुणाचं?" पाटील म्हणाले, सरकारचं. पटवारी म्हणाले, पाटलांचं. पाणी भरायला निघालेली म्हातारी म्हणाली, "पटवाऱ्याच्या सासूचं, दुसऱ्या कुणाचं?" दाजींनी महिनाभर पडताळा घेतला आणि म्हातारीचं बरोबर निघालं. पटवारीण रुसून माहेरी गेली की गावच्या जमिनींचे फेरफार अडून राहत, आणि तिला परत पाठवायचं की नाही, हे तिची आई ठरवायची. हे त्यांनी निबंधात जसंच्या तसं लिहिलं. हैद्राबादच्या त्यांच्या गुरुजींनी ते खोडलं. दाजींनी पुन्हा लिहिलं.

त्यांचा लाडका सिद्धांत मात्र माझ्यासमोर, माझ्या चुलीपाशी तयार झाला, असं मी आजही सांगत फिरते. "वैनी," ते म्हणाले, "लेकी ज्या वाटेनं सासरी जातात त्याच वाटेनं धान्य जातं. अन् वेळ आली तर माणसंही त्याच वाटेनं पळतात. सरकारी सडकेनं कुणी पळत न्हाई, सोयऱ्याच्या वाटेनं पळतं." मी म्हटलं, "कोण पळून राहिलंय दाजी?" आणि तोंडाला पदर लावून हसले. पुढं दहा वर्षांनी मला तसं हसू आलं नाही.

मोगलाईचं ते शेवटचं साल. उन्हाळ्यात मोगलाई राखायला निघालेल्या हत्यारबंद टोळ्या फिरू लागल्या. शेजारच्या गावी गंज्या जळाल्या, दोन माणसं गेली. जो तो गाडी जुंपून पैनगंगेपलीकडं, मोगलाईबाहेर वऱ्हाडात निघालेला. आमच्या घरात माझी तीन लेकरं (होय, पाळणा हलला, सवत आली नाही), हे, आणि सासूबाई. वऱ्हाडात आमचं एकच सोयरं, सासूबाईंची सख्खी धाकटी बहीण. आणि तिचं तोंड पाहायचं नाही, ही सासूबाईंची शपथ! बहिणीच्या घरच्या लग्नात त्यांना मानाचं लुगडं हलक्या काठाचं मिळालं होतं. तेव्हापासून त्यांनी नदी ओलांडली नव्हती. "मेले तर इथंच मरीन," त्या म्हणाल्या आणि उंबऱ्यात बसल्या. यांनी पाय धरले, मी रडून पाहिलं. रात्री कोणत्या दिशेला जाळ दिसतो, ते आम्ही बघत होतो आणि म्हातारी हलेना. तिला टाकून जायचं कसं, आणि लेकरांना घेऊन राहायचं कसं?

तेवढ्यात दाजी आले. वसमतहून पायी. सगळं ऐकलं, आणि सासूबाईंपुढं उकिडवे बसले. "मावशी, ते लुगडं हाय का अजून?"

"हाय तर! घडी मोडली न्हाई."

"मग परत करायला नको का? एवढ्या वर्सांत तिला वाटत असंल, मोठीनं गिळलं लुगडं."

सासूबाईंची मान वर झाली. "माझ्याबद्दल असं वाटंल तिला?"

"लोक म्हणतात बुवा. पळून कशाला जाता? भांडायला जा. हक्काचं भांडण हाय तुमचं."

म्हातारी उठली, ट्रंक उघडली, लुगडं काखोटीला मारलं आणि गाडीत आमच्याआधी चढली.

शेजारी पिंजाऱ्याचं घर. आमच्या गाद्या पिढ्यान्पिढ्या तेच पिंजून देत. त्या घरातली अमीना धावत आली. माझ्या धाकट्याच्या हातात गुळाचा खडा ठेवला आणि म्हणाली, "भाभी, म्हशीची फिकर नको. मेरेकू पैचानती वो." मी म्हैस तिच्या हवाली केली आणि निघाले.

नदीच्या अलीकडं करोडगिरीचा नाका होता, मालावर जकात घेणारी सरकारी चौकी. जवानानं गाडी अडवली, बंदुकीच्या दस्त्यानं गाठोडी ढोसू लागला. मी लेकरांना पोटाशी धरलं. सोबत आलेले दाजी मात्र पुढं होऊन विचारतात, "क्यों जवान, वतन कौनसा तुमारा? इत्ता दूर कायकू आए?" तो चमकला. इतक्या वर्षांत त्याला हे कुणी विचारलंच नव्हतं म्हणे. आधी गुरगुरला, मग गावाचं नाव सांगितलं, मग नदीचं, मग कर्जात गेलेल्या आमराईचं. बंदूक भिंतीला टेकवून तो आईबद्दल बोलू लागला, तेव्हा दाजींनी पाठीमागून यांना हातानं खूण केली आणि आमची गाडी पाण्यात उतरली. मी वळून हाक मारली, "दाजी, चला की!" ते तिथूनच ओरडले, "जाणाऱ्यांचं समजलं वैनी! ऱ्हाणाऱ्यांचं बाकी हाय!" आणि पुन्हा त्या जवानाकडं तोंड करून बसले.

पलीकडं बहिणीच्या दारात सासूबाईंनी लुगडं भिरकावलं. बहिणीनं ते उचललं, डोळ्याला लावलं, आणि दोघी गळ्यात गळा घालून रडल्या. मग भांडल्या. भांडण एका दिवसात संपवलं नाही. पावसाळाभर पुरवून पुरवून वापरलं.

भादवा सरता सरता मोगलाई संपल्याची बातमी आली. आम्ही परत निघालो. घर जागेवर होतं, अंगण झाडलेलं होतं. गोठ्यात दाजी म्हशीखाली बसले होते, धोतरावर शेण, कपाळाला टेंगूळ. चरवीत दूध थेंबभर. मला हसू आवरेना. "अहो दाजी, थानाला असं धरतात होय? अमीनाला नाही का बोलवायचं?"

त्यांनी फक्त हनुवटीनं भिंतीपलीकडं दाखवलं. मी शेजारी पाहिलं. पिंजाऱ्याच्या घराला चौकट उरली होती, दार नव्हतं. अंगणात कापूस ओला होऊन काळा पडलेला. आम्ही गेलो तेव्हा जे आमच्या वाट्याला आलं होतं, ते आता त्यांच्या वाट्याला आलं होतं, एवढं मलाही कळलं. मी हळूच विचारलं, "कुठं गेले हो ते? कुणाकडं?"

दाजींनी चरवी खाली ठेवली. हात धोतराला पुसले, बराच वेळ पुसले.

"गाडी जुंपली तवा मी तिथंच उभा व्हतो, वैनी. कुठं जाता, हे माझ्याच्यानं विचारवलं न्हाई."