अडून बसणारा प्रोग्रॅम

आमच्या कारखान्यात नवा फिटर घ्यायचा असला, की डिझाइनचे काका त्याच्या हातात चुकीचं ड्रॉइंग द्यायचे. मुद्दाम. एखादं भोक दोन सूत सरकवलेलं, नाहीतर लोखंडी अँगलची लांबी न जुळणारी. गडी गुमान कापायला लागला, की काका म्हणायचे, "हात झाक हाय, पन तोंड न्हाई," आणि त्याला घरी पाठवायचे. जो ड्रॉइंग परत आणून "हे जुळत न्हाई" म्हणून भांडायचा, तो दुसऱ्या दिवसापासून कामावर.

नगरच्या एमआयडीसीत आम्ही टेलिफोनचे टॉवर बनवायचो. मी पॉलिटेक्निकमधून बाहेर पडून थेट तिथे चिकटले, तेव्हा काकांनी मलाही असंच एक ड्रॉइंग ट्रेस करायला दिलं होतं. चूक मला लगेच दिसली. पण पहिला दिवस, अख्ख्या कारखान्यात मी एकटी बाई, समोर पांढऱ्या मिशांचा माणूस. कोण तोंड उघडणार! मी गुपचूप ती रेघ बरोबर करून ट्रेसिंग त्यांच्यापुढे ठेवलं. काकांनी पाहिलं, "हं" म्हणाले, आणि मला नोकरी लागली. तो "हं" पास झाल्याचा होता की नापास, हे चार वर्षं मला कळलं नव्हतं, आणि विचारायची छाती नव्हती.

मग नव्वदचं दशक सरता सरता टॉवरची मागणी इतकी वाढली, की काकांच्या हातच्या गणिताला ती झेपेना. त्यांची नजरही मंदावली होती, दिवाळीनंतर ते थांबणार होते. शेठनी एक दिवस मला बोलावलं. म्हणाले, "टॉवरचं गणित करणारा प्रोग्रॅम घ्यायचाय, मॅडम. कुठला, ते तुम्ही ठरवा. पण काकांनंतर ड्रॉइंगवर सही कुणी करायची, ते काका सांगतील. तुम्ही, नाहीतर पुण्याहून माणूस आणू." ड्रॉइंगच्या कोपऱ्यात 'डिझाइन' म्हणून एक छोटी चौकट असते, तिथली ती सही. मला ती हवी होती. उगाच आढेवेढे कशाला घेऊ, जीव तुटत होता माझा तिच्यासाठी.

दोन प्रोग्रॅम आठ-आठ दिवस वापरून बघायला आले. एक रंगीत, माउसवर चालणारा. टॉवर पडद्यावर गोल फिरायचा आणि ज्या अँगलवर जास्त भार तो लाल व्हायचा. दुसऱ्याचा नुसता काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं. काकांनी पुणतांब्याच्या नव्या टॉवरचं ड्रॉइंग माझ्याकडे दिलं आणि म्हणाले, "ह्योच दोघांस्नी घाल." मी कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढून, गार हवेत कुडकुडत, दोन दिवस एकेक सांधा आणि एकेक अँगल टाइप करत बसले.

रंगीत प्रोग्रॅमनं तीन मिनिटांत उत्तर दिलं. काय ते रंग, काय तो थाट! काळ्यानं मधल्याच एका सांध्याचा नंबर दाखवला, हा सांधा डळमळतोय म्हणाला, आणि अडून बसला. पुन्हा चालवला, पुन्हा तेच. एक दाखला कमी म्हणून खिडकी लावून घेणाऱ्या क्लार्कसारखा. मी त्याला चार शिव्या घातल्या आणि शेठना द्यायची चिठ्ठी लिहायला घेतली की रंगीतच घ्या.

चिठ्ठी अर्धी झाली आणि माझी खोड आडवी आली. टॉवर तोच, आकडे तेच. मग एकाला दिसतं ते दुसऱ्याला का दिसू नये? मला असलं काही राहिलं की जेवण गोड लागत नाही. मी टाइप केलेलं सगळं ड्रॉइंगशी ताडून पाहिलं, माझी चूक नव्हती. मग रंगीत प्रोग्रॅमचं सगळं उत्तर छापायला लावलं. प्रिंटर करकरत राहिला, घड्यांचा कागद जमिनीवर लोळायला लागला. पट्टी धरून ओळ न् ओळ वाचत गेले. आणि आकड्यांच्या गर्दीत एक बारीकशी ओळ सापडली: हा सांधा सुटा आढळला, त्याला स्वतःहून थोडा आधार मानून पुढचं गणित केलं आहे. पडद्यावर यातलं एक अक्षर नव्हतं.

"लबाडा!" मी मोठ्यानं ओरडले. गोदावरीकाठच्या वाऱ्यात, त्या उंचीवर, हा मानलेला आधार कोण जाऊन देणार होता?

मग ड्रॉइंगमध्ये तोच सांधा शोधला. टॉवरच्या मधल्या चौकटीत कोपरे बांधून ठेवणाऱ्या तिरप्या पट्ट्या असतात. त्या नसल्या, तर चौकट ढिल्या बाजेसारखी तिरकी होते. त्यांतली एक पट्टी आखलेलीच नव्हती. अरे देवा! मी टाळी वाजवली. काकांची जुनी युक्ती! फिटरची घेतात तशी त्यांनी या दोन प्रोग्रॅमची परीक्षा घेतली होती, आणि त्यांच्या आडून माझीही.

चपला न घालताच मी शेडमध्ये पळाले. "काका, पकडली तुमची चूक! परीक्षा घेता काय माझी?" मी हसत होते. दोन फिटर वळून बघायला लागले.

काका हसले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला, नाक कागदाला लागेल इतके वाकले आणि बोटानं चाचपत त्या चौकटीपर्यंत आले. बोट तिथेच थांबलं.

"परीक्षा न्हाई, पोरी," ते हळूच म्हणाले. "ह्ये उद्या कापायला जानार हुतं."

इतकी शरम मला कधी वाटली नव्हती, तीही चारचौघांत ओरडून सांगितल्याची. "काही नाही हो काका, एक रेघ तर आहे," असं म्हणत मी पेन्सिल उचलली आणि ती पट्टी आखायला वाकले. कुणाला कळलंही नसतं.

काकांनी कागदावर पंजा ठेवला. "पुन्ना तेच?"

मी पेन्सिल मागे घेतली.

"पयल्या दिवशीबी असंच केलं हुतंस. चूक दिसली, निस्तरलीस, अन् गप बसलीस. म्हनलं, हात हाय, डोळा हाय, तोंड येईल. चार वर्सं वाट बघतोय."

मला रडूही आलं आणि संतापही. "मग एकदा सांगायचं तरी!"

"सांगून आलेलं तोंड काय कामाचं?"

ड्रॉइंगवर काय बदललं ते लिहायला एक रकाना असतो. काकांनी त्यावर बोट ठेवलं. "लिही. काय राहिलं, अन् कुनाकडनं राहिलं." पट्टी राहिली होती, ती घातली, एवढं मी लिहिलं. पुढे माझा हात चालेना. मग त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि त्या ओळीपुढे स्वतः सही केली. सावकाश, नेहमीसारखी वळणदार. नंतर डिझाइनच्या रिकाम्या चौकटीवर टिचकी मारली.

"हितं तू."

मी सही केली. ती वाकडीच आली.

संध्याकाळी शेठना सांगितलं, काळा घ्या. "इतका छान रंगीत सोडून?" ते म्हणाले. मी म्हटलं, "तो चूक झाकून पुढे जातो, शेठ. मला माहीत आहे कसं ते."

त्यानंतर दिवाळीपर्यंत आलेलं प्रत्येक ड्रॉइंग काकांनी न बघता सहीसाठी माझ्याकडे सरकवलं. पुणतांब्याचा टॉवर उभा राहिला. त्याच्या ड्रॉइंगवरची काकांची सही ही त्या कारखान्यातली त्यांची शेवटची सही, आणि ती चुकीपुढे आहे.