शेखिनेचा शुक्रवार

भिजत घातलेल्या काळ्या मनुकांचा वास आला की मला सुरत आठवते. नव्वदच्या दशकातली, लिंबायतच्या कडेची एक तीन मजली इमारत. तळमजल्यावर यंत्रमाग दिवसरात्र खडखडत, म्हणून वरच्या खोल्यांच्या खिडक्या सहसा बंदच असत, उन्हाळ्यातही. माझ्या शेजारच्या खोलीत एक बेने इस्रायली कुटुंब राहायचं. मूळ कोकणातले हे ज्यू: बँकेतून निवृत्त झालेले वडील आणि मराठी शाळेत शिकवणारी त्यांची मुलगी. शुक्रवारी सूर्यास्ताच्या आधी त्यांच्याकडे शब्बाथचा, म्हणजे त्यांच्या आठवड्यातल्या पवित्र दिवसाचा, दिवा लागे, द्राक्षारसाच्या जागी मनुकांचं सरबत असे, आणि एकट्या राहणाऱ्या मला, वार्ताहराला, जेवायचं बोलावणं येई.

दिवा मुलगी लावायची. त्याआधी वडील हिब्रूतलं एक वाक्य म्हणत. अर्थ त्यांनीच मला सांगितला होता. त्यांच्यातल्या गूढवाद्यांच्या मते देव एकच, पण त्याची रूपं दोन. पुरुषरूप वर, देणारं. स्त्रीरूप म्हणजे शेखिना, ती घेणारी; चंद्रासारखी, स्वतःचा उजेड नसलेली. ज्यू लोक देशोधडीला लागले तेव्हा तीही त्यांच्यासोबत निघाली, आणि तेव्हापासून ती दोघं दुरावलेली आहेत. माणसाचं प्रत्येक सत्कृत्य त्यांना थोडं जवळ आणतं. म्हणून आधी म्हणायचं, हे त्याच्या आणि शेखिनेच्या मीलनासाठी.

"तुम्ही पेपरवाले दोन्ही बाजू छापता ना? ही देवाची दुसरी बाजू," ते मला म्हणाले.

"आणि ती कायम आतल्या पानावर," मुलगी म्हणाली.

तिचा नवरा लग्नानंतर थोड्याच दिवसांत इस्रायलला गेला होता. तो तिला बोलावत नव्हता आणि सोडतही नव्हता. त्यांच्या धर्मात काडीमोड पुरुषाने द्यायचा, बाईने घ्यायचा. त्याने दिला नाही तर ती धर्माने त्याचीच. अहमदाबादच्या एका विधुराने तिला मागणी घातली होती. त्याला लग्न धर्माने हवं होतं, तिलाही. वडिलांनी नातेवाइकांमार्फत जावयाकडे काडीमोडासाठी शब्द टाकला.

एका शुक्रवारी दुपारी खालच्या दुकानातल्या फोनवर निरोप आला. जावयाने नकार दिला होता. कारण सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी तिने नेहमीसारखं दिव्यात तेल घातलं. वडील वाक्य म्हणणार तेवढ्यात ती म्हणाली, "बाबा, आज ते म्हणू नका."

"म्हणावं लागतं, बाय."

"दर आठवड्याला त्या दोघांना जोडता. तिला कुणी विचारलंय, सुटायचंय का म्हणून?"

खालचे माग चालूच होते. वाक्य राहिलं तर त्या दोघांमधली फट रुंदावते, अशी या माणसाची श्रद्धा. आणि समोर मुलगी न पेटवलेली काडी धरून उभी. शेवटी त्यांनी वाक्य म्हटलं. ऐकून ऐकून मला ते पाठ झालं होतं, म्हणून लक्षात आलं, देवाच्या पुरुषरूपाचं नाव त्यांनी गाळलं होतं. फक्त शेखिनेसाठी, एवढंच ते म्हणाले. मुलीने काडी ओढली.

त्यामुळे काहीच सुटलं नाही. विधुराने पुढे दुसरीकडे लग्न केलं. माझी बदली झाली, काही वर्षांनी वडील गेल्याचं कळलं. काळ सगळं सैल करतो, असं आपण म्हणतो. पण ज्या गाठीचं टोक दुसऱ्याच्या मुठीत आहे, तिच्यापुढे काळाचंही चालत नाही. एका म्हाताऱ्याने त्या दिवशी आपल्या आयुष्यभराच्या प्रार्थनेतला अर्धा देव मुलीसाठी गाळला. देण्यासारखं त्याच्याकडे तेवढंच होतं.