गास्पारे जिना चढतो

पालेर्मोच्या काल्सा वस्तीत समुद्राने ज्यांचे नवरे नेले, त्या सगळ्या बायका काळे कपडे घालत. एक निन्फा सोडून. निन्फा पिवळा झगा घाली, कानात पोवळ्याच्या कुड्या अडकवी आणि अख्ख्या गल्लीच्या नाकावर टिच्चून बाजारात जाई.

"नवरा बुडालाय हिचा, आणि ही बघा, वऱ्हाडात निघाल्यासारखी!" बायका म्हणत.

निन्फा वळून म्हणे, "बुडालेला पाहिलात का तुम्ही? मला दाखवा. इथेच बसून रडते."

गास्पारे ऑक्टोबरातल्या एका सकाळी होडी घेऊन माकली धरायला गेला होता. दुपारी आफ्रिकेकडून सिरोक्को सुटला, तो गरम, चिकट वारा. होडी सापडली, जाळं सापडलं, गास्पारे सापडला नाही. पाद्री घरी आले, तिने त्यांना कॉफी दिली, बदामाची बिस्किटं दिली, पण त्याच्या नावाने प्रार्थना म्हणू दिली नाही.

तिचंही एका अर्थी बरोबर होतं. ती शहरातल्या मोठ्या थिएटरात कपडेपट सांभाळायची. रोज रात्री नायक छातीत खंजीर खुपसून, लांबलचक गाणं म्हणून मरे. पडदा पडला की तोच विंगेत येई, निन्फा त्याचा लाल डागांचा सदरा उतरवी, आणि तो विचारी, "दोन्ना निन्फा, खायला काय आणलंय आज?" इतकी मरणं जिने धुऊन, इस्त्री करून फडताळात ठेवली, ती नुसत्या बातमीवर कशी विश्वास ठेवणार?

शिवाय गास्पारे येत होता.

दर वर्षी शरदात सिरोक्को सुटला की भर दुपारी, सगळी वस्ती दारं लावून झोपलेली असताना, जिन्यावर पावलं वाजत. झपाझप, एक-एक पायरी गाळून, त्याची सवयच होती ती. पावलं दारापर्यंत येत आणि थांबत. निन्फा दार उघडी. बाहेर कोणी नसे, फक्त उंबरा ओला, बोट लावून चाखला तर खारट. ती दार लोटून घेई आणि त्या दिवशी स्वयंपाक जरा जास्त करी. जवळ आलाय, यायचाच आता, असं तिला वाटे.

या सगळ्यात पोर भरडली गेली. एन्झा तेव्हा आठ वर्षांची होती. नोव्हेंबरच्या दोन तारखेला पालेर्मोत मेलेली माणसं घरी येतात आणि मुलांसाठी भेटी लपवून ठेवून जातात. पहाटे मुलं उठतात, पलंगाखाली, भट्टीत, कपाटामागे शोधतात, आणि सापडलं की सज्जात धावत जाऊन ओरडतात, "माझ्या आजोबांनी घोडा आणला!" समोरच्या सज्जातून कोणीतरी विचारायचंच, "कोणी आणला रे?" की पुन्हा ओरडायचं. एन्झाला वारलेल्या आजीकडून काही मिळे. बाबांकडून काही नाही. मेलेलीच माणसं भेटी आणतात ना, आणि निन्फाच्या घरी गास्पारे जिवंत होता.

नवव्या वर्षी एन्झा म्हणाली, "पेपूच्या बाबांनी त्याला सायकल आणली. आई, आपले बाबा मेले असते तर किती बरं झालं असतं!"

निन्फाने खाडकन तिच्या कानाखाली वाजवली. एन्झाने पुन्हा कधी काही मागितलं नाही. विशीत ती दूर उत्तरेला, तोरिनोला गेली ती तिथलीच झाली.

येई मात्र दर शरदात. उन्हाळ्याची गर्दी ओसरली की पर्यटकांच्या घोळक्यातून, गळ्यात कॅमेरा आणि डोक्यावर टोपी घालून. आईच्या घरी झोपत नसे, कारण तिथे बाबांच्या रिकाम्या खुर्चीसमोर वाढलेल्या ताटाशेजारी बसून जेवावं लागे. हॉटेलात राही, आईकडे दोन तास पाहुणी म्हणून येई.

एका वर्षी घोळका नेमका तिच्याच गल्लीत आला. पुढे लाल छत्री उंचावलेला वाटाड्या सांगत होता, "इथे पूर्वी कोळी राहत." एन्झा मान वर करून स्वतःच्याच घराच्या दोरीवरच्या कपड्यांचा फोटो काढत होती.

समोरच्या सज्जातून म्हातारी ताना कडाडली, "पूर्वी काय रे, मेल्या? मी काय भूत आहे? आणि ए एन्झा! टोपी घातलीस म्हणजे आम्ही ओळखणार नाही होय? फोटो कसले काढतेस, आईची चड्डी आहे ती!"

घोळका हसला. एन्झाही हसली आणि जिना चढू लागली.

आत निन्फा कान देऊन होती. पाऊल, मग धाप, मग कठड्याचा कुरकुर आवाज, मग पुन्हा पाऊल. लेकीचा गुडघा गेला होता. दारात उभी राहिली तेव्हा तिचं तोंड घामाने डबडबलेलं होतं आणि टोपीखालून पांढरे केस डोकावत होते.

"म्हातारी झालीस ग," निन्फा म्हणाली.

"तू मात्र तशीच आहेस, आई," एन्झा ताटाकडे बघत म्हणाली.

तारल्यांचा पास्ता खाऊन, गालाला गाल लावून ती गेली. दुपारी वारा सुटला, दारं वाजली, गल्ली झोपली. आणि जिन्यावर पावलं आली. झपाझप, एक-एक पायरी गाळून.

निन्फा उठली नाही. खुर्चीतच तिच्या अंगावर सरसरून काटा आला. गास्पारे आज चौऱ्याऐंशीचा असता. त्याची लेक साठीला टेकलेली, जिना चढताना मेटाकुटीला येते, आणि हा धावत येतो? धापसुद्धा लागत नाही? कोणाचे पाय इतकी वर्षं थकत नाहीत?

पावलं दाराशी थांबली. पलीकडे कोणीतरी उभं होतं, आणि निन्फाला पहिल्यांदाच कळलं की ते इतकी वर्षं तसंच उभं होतं. जिवंतांना घर रोज असतं, मेलेल्यांना वर्षातून एक दिवस. गास्पारेला तिने एकही दिवस दिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती काठी टेकत दोन तारखेच्या भेटींसाठी भरणाऱ्या मेलेल्यांच्या बाजारात गेली. साखरेचे रंगीत शिलेदार, बाहुल्या, गाड्या, नुसता गलका. तिने चाकांच्या लाल बुटांवर बोट ठेवलं.

"मुलगी केवढी आहे?" दुकानदाराने विचारलं.

"आठ वर्षांची."

"आणतंय कोण?" हा प्रश्न तिथे सगळेच विचारतात.

निन्फा बुटांची चाकं फिरवत राहिली. मागच्या बाईने कोपराने ढोसलं, "आटपा, आजी!"

"तिचे बाबा," निन्फा म्हणाली.

"देव त्यांच्या आत्म्याला शांती देवो," दुकानदार कागद गुंडाळता गुंडाळता सहज बोलून गेला.

पन्नास वर्षं हे वाक्य तिने कोणाला पुरं करू दिलं नव्हतं. "देवाची कृपा," ती म्हणाली, आणि बूट छातीशी धरून घरी आली.

संध्याकाळी तिने एन्झाला फोन केला. "आज इथे झोपायला ये."

"आई, माझं हॉटेल आहे."

"असू दे हॉटेल. ये म्हणते ना."

दोन तारखेच्या सकाळी तिने लेकीला हलवून उठवलं. "ऊठ. शोध."

"काय शोधू?"

"आज तारीख काय?"

एन्झाने आईच्या तोंडाकडे पाहिलं. आईचं डोकं फिरलं असंच तिला क्षणभर वाटलं असावं. तरी ती दुखऱ्या गुडघ्यावर वाकली, पलंगाखाली पाहिलं, कपाटामागे पाहिलं. भट्टीत कागदात गुंडाळलेले लाल बूट निघाले.

"आजीकडून?" तिने जपून विचारलं.

"नाही. तुझ्या बाबांनी आणलेत."

मग एन्झा जमिनीवर बसली, मोजा काढला आणि बुटात पाय घालू लागली. बोटंच तेवढी आत गेली.

"लहान होतात, आई."

"तू वाढलीस हे त्याला कुठे ठाऊक?"

एन्झाने पाय बुटातून बाहेर काढला. मग ती उठली, एक पाय अनवाणी तशी लंगडत सज्जात गेली, बूट डोक्यावर उंच धरले आणि तोरिनोत शिकलेला सगळा शहाणपणा सोडून गल्लीभर ओरडली, "चाकांचे बूट आणले!"

ताना चादर झटकत होती. तिचे हात थांबले. तरी रीत सांभाळून तिने विचारलं, "कोणी आणले ग?"

"बाबांनी!"

तानाने छातीवर क्रूस काढला. एन्झाच्या खांद्यावरून तिने आत पाहिलं, जिथे दाराशी निन्फा भिंतीला धरून उभी होती. खरं का, असं तिने भुवया उंचावून विचारलं.

निन्फाने समोर बघत हळूच मान डोलावली.