रिपोर्टाआधीची उपकारस्तुती

आमच्या ख्रिस्ती घरांत संकट टळलं की उपकारस्तुतीची सभा घेतात. पोर टायफॉइडमधून उठलं, बाळंतीण सुखरूप घरी आली, की पाळकसाहेबांना आणि मंडळीला घरी बोलवायचं, गीतं गायची, देवाचे उपकार मानायचे आणि चहा-चिवडा देऊन सगळ्यांना वाटेला लावायचं. क्रम ठरलेला: आधी संकट, मग सुटका, मग चिवडा. माझ्या आईनं सुटकेचा पत्ता नसताना चिवडा करायला घेतला, तेव्हा माझं डोकंच फिरलं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी एकोणीस वर्षांची, डी.एड.ला. शिवाजी पेठेत आम्ही दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो. बाबा उद्यमनगरात लेथवर कामाला होते. दिवसभर मशिनच्या आवाजाच्या वर ओरडून बोलायचं आणि रविवारी त्याच गळ्यानं चर्चमध्ये गीत उचलायचं. पेटी कुणीही वाजवो, पहिली ओळ बाबांनी घेतल्याशिवाय मंडळीचं तोंड उघडायचं नाही. लहानपणापासून माझी जागा त्यांच्या शेजारी. मी कायम तालाच्या पुढं पळायची. मग बाबा माझ्याकडं न बघता माझं मनगट दाबायचे. दाबलं की थांबायचं, एवढं मला कळायचं. थांबायला जमायचं नाही ही गोष्ट वेगळी.

त्या वर्षी बाबांचा आवाज बसला. आधी सगळ्यांनी लेथवरच्या ओरडण्याला दोष दिला. हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं, शेजारच्या मुसलमान मामींनी पाठवलेला कसलासा कडू काढाही झाला. तीन महिने झाले तरी घसा मोकळा होईना, तेव्हा मिरजेच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी घशात गाठ बघितली, तिचा तुकडा काढला, मग आई-बाबांना आत बोलावून बराच वेळ बोलले. मला बाहेर बाकावर बसवलं होतं. बाहेर आल्यावर आई एवढंच म्हणाली, "तुकडा तपासायला पाठवलाय. पंधरा दिवसांनी सोमवारी रिपोर्ट."

ते पंधरा दिवस मी धड एका जागी बसले नाही. पुस्तक उघडलं की एकच पान चार वेळा वाचायची. प्रार्थनेला डोळे मिटायची आणि अर्ध्यावर देवाशी वाद घालायला लागायची. मंडळीतल्या चाळीस माणसांत तुला हाच गळा सापडला का, तुझंच तर गात होता तो. आमेन म्हणायचं राहूनच जायचं. आणि आई? आई तांदूळ निवडत असायची.

"आई, तुला भीती वाटत नाही?"

"वाटती की," ती म्हणाली आणि एक खडा उचलून बाजूला टाकला.

दुसऱ्या आठवड्यात तिनं जाहीर केलं, "शनिवारी पाच वाजता उपकारस्तुती ठेवलीया. पाळकसाहेबास्नी सांगून आलोय."

"कशाबद्दल? रिपोर्ट सोमवारी आहे!"

"म्हणून तर शनिवारी."

मला वाटलं, ही देवाला कोंडीत पकडते आहे. आधीच आभार मानून टाकायचे, म्हणजे त्याला माघार घेता येणार नाही. आणि उद्या रिपोर्ट वाईट आला तर? चिवडा खाऊन गेलेली तीच माणसं म्हणतील, काय हिचा विश्वास आणि काय झालं. मी बाबांकडं दाद मागितली. ते नुसते हसले. मामींना म्हटलं, "तुम्ही तरी सांगा तिला."

"मी काय सांगू?" मामी म्हणाल्या. "सतरंजी मागितलीया, ती आणून टाकतो. पण चिवड्यात मीठ कमी हाय, ते सांग तिला."

शनिवारी सकाळी मैत्रिणीकडं वह्या आणायला जाते असं खोटं सांगून मी मिरजेची पॅसेंजर पकडली. दोन दिवस आधी रिपोर्ट आला असला तर बघायचा. चांगला असेल तर नाचत यायचं, वाईट असेल तर सभा थांबवायची. रुकडीला गाडी थांबली, मी उतरून फलाटावर फेऱ्या मारल्या. हातकणंगल्याला पुन्हा तेच. जयसिंगपूरला क्रॉसिंगसाठी गाडी एवढी रखडली की एक म्हातारे पावणे म्हणाले, "बस की पोरी. तू चालल्यानं गाडी चालत न्हाय."

रिपोर्ट आला होता. डॉक्टरांनी मला खुर्ची दिली, तेव्हाच मला कळलं. "आम्हाला वाटलं होतं तेच निघालं," ते म्हणाले. कॅन्सर होता. ऑपरेशन केलं तर जीव वाचण्याची चांगली आशा होती, पण स्वरयंत्र पूर्ण काढावं लागणार होतं. मी विचारलं, "म्हणजे गाता येणार नाही?" ते म्हणाले, "बोलताही येणार नाही."

येताना एस.टी. मिळाली. कागद पर्समध्ये होता आणि पर्स मी दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. देवाशी भांडायलाही जोर उरला नव्हता. एकच धास्ती होती: सभेत उपकारस्तुतीचं कारण सांगायची वेळ येते. आई उठून "माझ्या मालकास्नी देवानं बरं केलं" म्हणायच्या आत मला पोचायला हवं होतं. स्टँडपासून पेठेपर्यंत मी अक्षरशः पळाले.

दाराबाहेर चपलांचा ढीग होता. मामी त्यांच्या उंबऱ्यावर बसून ऐकत होत्या. आत बाबा गात होते. आवाज फाटलेला, वरचा सूर लागतच नव्हता. तिथं ते थांबायचे, मंडळी ओळ पुढं न्यायची, आणि खाली उतरताना ते पुन्हा सामील व्हायचे. मी माणसांतून वाट काढत गेले आणि आईला दंडाला धरून स्वयंपाकघरात ओढलं.

"आई, काही बोलू नकोस त्यांच्यासमोर. मी मिरजेला गेले होते. रिपोर्ट..."

"आवाज जाणार हाय," आई म्हणाली.

"तुला कसं ठाऊक?"

"डॉक्टरनी पैल्याच दिवशी सांगितलंय. तुकडा नुसता खात्रीसाठी हुता. तुला सांगितलं असतं तर तू पंधरा दिवस देवाशी भांडत बसली असतीस."

"मी बसलेच होते!"

"मला ठाव हाय. भिंत पातळ हाय आपली." तिनं पदरानं माझं तोंड पुसलं, मग स्वतःचं. तेव्हा मला दिसलं की तिचे डोळे सुजले होते, आणि ते काही आज सुजलेले नव्हते. मी इतके दिवस फक्त तिचे हात बघत होते. "आन् ही सभा माझी न्हाय. त्यांनीच सांगितलं, आवाज हाय तवर आवाजाचं उपकार मानून घेऊ. नंतर मला सांगता यायचं न्हाय, म्हणाले."

बाहेर गीत संपलं होतं. पाळकसाहेबांनी विचारलं, "कशाबद्दल उपकार मानायचे आहेत?"

बाबा उभे राहिले. म्हणाले, "इतकी वर्षं गायला मिळालं, त्याबद्दल." खोलीत कुणालाच लगेच काही उमगलं नाही. मग ते म्हणाले, "सोमवारी दवाखान्यात जायचंय, त्यानंतर गायला मिळंल असं वाटत न्हाय. पण जे मिळालं ते काय थोडं न्हाय. पुढचं देव बघंल." पाळकसाहेब चष्मा काढून पुसायला लागले. मला मात्र देवाचा अजून राग येत होता, हे खोटं कशाला सांगू. एवढं होतं की त्या खोलीत रागावलेली मी एकटी होते, आणि ज्यानं रागवावं तो आभार मानत होता.

बाबांनी मला हात करून शेजारी बसवलं. शेवटचं गीत. त्यांनी पहिली ओळ उचलली, मी त्यांच्या बाजूनं गायला लागले. आणि आयुष्यात पहिल्यांदा मी मागं राहिले. प्रत्येक शब्द ओढून धरत होते, कडवं लांबवत होते, मंडळी पुढं गेली तरी मी तिथंच. हे गीत संपलं की तो आवाज संपणार होता, आणि मला तो संपू द्यायचा नव्हता.

बाबांनी माझ्याकडं न बघता माझं मनगट दाबलं. या वेळी थांब म्हणून नव्हे. पुढं चल म्हणून.

मी पुढं गेले. गीत संपलं, आणि आईनं चिवड्याच्या बशा फिरवायला घेतल्या. मीठ खरंच कमी होतं.