पोरगी लागली

आमच्या हसनाबादेत बातमी आधी तातेरावांच्या पिठाच्या गिरणीत येते, पेपरात मागाहून. उन्हाळ्यात त्यांची प्रीती बी.एस्सी.चं दुसरं वर्ष संपवून जालन्याच्या एका बियाणे कंपनीत दोन महिन्यांच्या इंटर्नशिपला गेली, तेव्हा दळण घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला तातेराव ओरडून सांगत, "पोरगी लागली!" गिरणी चालू असली की ओरडावंच लागतं. हे मात्र गिरणी बंद असतानाही ओरडत.

आता आमच्याकडे 'लागली' म्हणजे कायमची लागली. मी प्रीतीचा शाळेतला मास्तर. मी समजावून पाहिलं, की ही नोकरी नव्हे, ती शिकायला गेलीय.

"मंग पैसे कोन देतंय?"

"कंपनी."

"आन् शिकतंय कोन?"

"प्रीती."

"गुरुजी, उलटं सांगून राह्यले तुमी."

तातेराव भोकरदनला एका उस्तादाकडे फुकट राबून गिरणीचं काम शिकले. दळायच्या दगडाला छिन्नीनं टाकी लावताना हात चुकला, तर उस्तादानं त्या दिवशी जेवण दिलं नाही. पैसे मिळतात म्हणजे नोकरीच, यावर ते ठाम. खरं सांगायचं तर मलाही हे प्रकरण नीट उलगडलं नव्हतं.

दोन महिने संपले. प्रीती बॅग घेऊन घरी आली आणि तिसऱ्या वर्षाच्या प्रवेशाचं बोलू लागली. गिरणीत कुजबुज सुरू झाली, "काढलं म्हणे."

तातेराव हादरले. "लागलेली नोकरी घालवून कॉलेज? बिलकुल न्हाई!"

प्रवेशाची मुदत संपत आलेली. 'लागली' या एका शब्दापायी हुशार पोरगी घरी बसणार, याची मला भयंकर चीड आली. पण तातेराव मलाच ओढत जालन्याला घेऊन गेले, कंपनीच्या मॅडमपुढं हात जोडायला.

"पोरीचं काय चुकलं असंल तर माफी करा मॅडम, पन परत घ्या."

मॅडम गोंधळल्या. "चुकलं तर होतंच. पहिल्याच आठवड्यात जास्त पाणी घालून तपासणीचं सगळं बियाणं कुजवलं तिनं."

तातेरावांनी मान खाली घातली.

"मग पुन्हा करायला लावलं. आता छान करते. तिला कुणी काढलं नाही, मुदत संपली. पदवी होऊ द्या, मग नोकरीचं बघू."

"त्या आठवड्याचे पैसे कापले आसतील?"

"का कापायचे? शिकायलाच आली होती ना."

परतताना एसटीत तातेराव माझ्यापासून लांब, मागच्या सीटवर जाऊन बसले. मला वाटलं, रागावले. पण दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी प्रीतीला प्रवेश घ्यायला पाठवलं.

गिरणीत माझ्यासमोरच सोनूबाईनं दळण ठेवता ठेवता विचारलंच, "पोरगी सुटली म्हणे?"

"लागलीच नव्हती! शिकून राह्यली!" ते ओरडले. मग त्यांनी बटण दाबून गिरणी बंद केली. पट्टा फिरत फिरत थांबला. माझ्याकडे न बघता त्यांनी हळूच विचारलं,

"गुरुजी, शिकनारं पोरगं चुकलं तरी त्याला जेवू घालायचं आसतं, हे माह्या उस्तादाला कुनी सांगितलंच नव्हतं का?"