पोकळ पाठवू की भरीव?

इंदुमतीबाई मुधोळकरांना गिटार वाजवता येत नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढचं वाचून कुणी म्हणायचं, बाईंनी साठी उलटल्यावर हे काय खूळ घेतलं! खूळ त्यांचं नव्हतं. त्यांच्या लेकाचं होतं, आणि लेक जर्मनीत होता.

उणकलच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये मागच्या खोलीत साकेतच्या दोन गिटारी भिंतीशी उभ्या होत्या. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच तपकिरी रंगाच्या, दोन्ही विजेवर चालणाऱ्या. फरक एवढाच, की एक आतून पोकळ होती, तिच्या अंगावर दोन वळणदार भोकं होती. आणि दुसरी अख्ख्या फळीची, भरीव. साकेतनं कॉलेजात असताना आधी भरीव घेतली आणि वर्षभरानं पोकळ. तेव्हा त्याचे वडील विनायकराव म्हणाले होते, "एकाच रंगाच्या दोन म्हशी कशाला बांधल्यास रे दावणीला? दूध तर एकही देत नाही."

आता साकेतचा मित्र श्रीनिधी रविवारी जर्मनीला निघाला होता आणि जाताना एक गिटार नेतो म्हणाला होता. एकच. म्हणून गुरुवारी साकेतचा फोन आला.

"आई, मला ठरवताच येईना. चार वर्षं झाली की. आवाज कानात राहिला नाही. तू एक काम कर. दोन्ही आळीपाळीनं अँपला लाव, आवाजाचं बटण एकाच जागी ठेव, सुट्या तारा छेड आणि रेकॉर्ड करून पाठव. मग बघू, पोकळ न्यायची का भरीव."

"आणि राहील ती?"

"ती विकून टाकू की. दुर्गदबैलजवळ ते वाद्यांचं दुकान आहे बघ. सुम्मने, उगीच धूळ खात पडण्यापेक्षा बरं."

इंदुमतीबाई "बरं" म्हणाल्या. लेक काहीही म्हणाला तरी त्या "बरं"च म्हणायच्या. पण त्या दोन गिटारींवर त्यांचं एक वाक्य उभं होतं, हे त्याला कुठून ठाऊक असणार? साकेत परत कधी येणार, असं कुणी विचारलं, की त्या म्हणायच्या, "येईल की. त्याचं सगळं सामान इथंच आहे." सामान म्हणजे काय, कपडे तर जुने झालेले, पुस्तकं वाटून टाकलेली. सामान म्हणजे त्या दोन गिटारी. एक गेली आणि दुसरी विकली, की वाक्य संपलं. मग लोकांना काय सांगायचं, आणि त्याहून अवघड म्हणजे स्वतःला काय सांगायचं? 'तू परत येणार आहेस का?' असं त्यांनी साकेतला चार वर्षांत एकदाही सरळ विचारलं नव्हतं. विचारलं तर उत्तर येतं.

एवढं असूनही फोन ठेवल्यावर त्यांना काही वाटलं नाही. त्यांना हल्ली काहीच वाटत नसे. साकेतला विमानतळावर सोडायला गेल्या तेव्हाही भाजणीची पिशवी फुटणार तर नाही ना, एवढंच त्या बघत राहिल्या होत्या. घरी येऊन त्यांनी पोळ्या केल्या. मग पोळ्या होत राहिल्या, सण होत राहिले, नणंदेच्या मुलीचं लग्न झालं, त्यात त्या मिरवल्यादेखील. पण सगळं काचेपलीकडून. देशपांडे नगरातल्या डॉक्टरांना त्यांनी एकदा सांगून पाहिलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि बी-ट्वेल्व्ह कमी आहे म्हणाले. बाईंनी गोळ्या घेतल्या. बी-ट्वेल्व्ह वाढलं.

साकेतनं हे काम आईवर टाकलं त्याला मात्र कारण होतं. इंदुमतीबाईंचं माहेर धारवाडचं, माळमड्डीतलं. त्या गल्लीत दर चार घरांत एक तरी गाणारं असायचं. बाईही गाणं शिकायला गेल्या. दोन वर्षांनी गुरुजी म्हणाले, "पोरी, तुझा कान सोन्याचा आहे आणि गळा पितळेचा. तू तानपुऱ्यावर बैस." दुसरी कुणी असती तर आठ दिवस रडली असती. बाई बसल्या, आणि पुढं वीस-बावीस वर्षं बसल्याच. दिवसा मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या आणि संध्याकाळी कुणाच्या ना कुणाच्या मागं तानपुरा घेऊन बसायच्या. बैठकींचे कितीतरी फोटो घरात आहेत. त्यांत गाणाऱ्याच्या शालीमागून बाईंचा अर्धा चेहरा दिसतो. मागं बसून पुढच्याला सूर देत राहायचा आणि आपण बोलायचं नाही, ही सवय त्यांना तिथंच लागली. पुढं संसारातही तीच चालू राहिली.

शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर त्यांनी कामाला हात घातला. अँपवरची, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या त्या पेटीवरची, धूळ पुसली. वायर खोचली तशी आतून खरखर आली. विनायकराव दारात उभं राहून म्हणाले, "शॉक बसेल बघ, चप्पल घाल." आणि ते पेपर वाचायला निघून गेले. नवऱ्यांची मदत ही अशी असते.

तारा अर्थातच उतरल्या होत्या. साकेत "लावून घे" एवढंच म्हणाला होता. इंदुमतीबाईंना लावणं एकच येतं. त्यांनी खुंट्या पिळल्या, कान जवळ नेला आणि दोन्ही गिटारी षड्ज-पंचमात लावल्या, त्याही वयानुसार खाली आलेल्या स्वतःच्या पट्टीत. एक तार मात्र काही केल्या बसेना. तुटेल म्हणून ती त्यांनी सैल सोडून दिली. गिटारच्या तारा अशा लावत नाहीत, असं सांगायला तिथं कुणी नव्हतं.

आधी भरीव घेतली. तार छेडली. स्वर चटकन आला, स्वच्छ, आखल्यासारखा, आणि टिकला. बराच वेळ टिकला. बाईंनी मान डोलवली. मग पोकळ. हिचा स्वर जरा दबकत आला, मग रुंदावला, त्यात लाकडाचा वास असल्यासारखं काहीतरी होतं, आणि पहिलीच्या मानानं लवकर विरला. बाईंना नवल वाटलं. त्यांना उलटं वाटलं होतं. तानपुऱ्याला एवढा मोठा भोपळा आवाज घुमावा म्हणून तर असतो. पोकळ वाद्यात आवाज राहायला हवा. पण पोकळ वाद्य तार हलली की आपणही हलतं आणि तारेची ताकद हवेत वाटून टाकतं. भरीव ती धरून ठेवतं. शाळेत हा धडा त्यांनीच शिकवला होता. पण गिटार मांडीवर घेईपर्यंत तो त्यांना आठवला नव्हता.

दोघींमधला फरक अँपमधून तसा बेताचाच ऐकू येत होता. बटण थोडं चढवलं की आणखी कमी व्हायचा. कान सोन्याचा नसता तर बाई म्हणाल्या असत्या, दोन्ही सारख्याच.

पोकळ गिटारचं रेकॉर्डिंग चालू असताना पंख्याची घरघर मधे यायला लागली, म्हणून बाई ओरडल्या, "अहो, जरा पंखा बंद करा की!" आणि थांबल्या. त्यांचं बोलणं संपलं होतं, पण गिटारच्या तारा बारीक आवाजात गुणगुणत होत्या. कुणी हात लावला नव्हता.

विज्ञानाच्या बाई त्या. एकदा झालं म्हणजे प्रयोग नव्हे. त्यांनी भरीव गिटार मांडीवर घेतली, जोडली आणि तसंच म्हणाल्या, "अहो, जरा पंखा बंद करा की!" तारा गप्प. पुन्हा पोकळ घेतली. "अहो, जरा पंखा..."

"आलो, आलो! केला की बंद!" विनायकराव बाहेरून ओरडले. "घसा फाटेल तुझा."

तारा पुन्हा गुणगुणल्या. स्वतःच्या पट्टीत लावल्यामुळं असेल, बाईंच्या आवाजाला ती गिटार ओ देत होती. त्यांनी फोनवरचं रेकॉर्डिंग थांबवलं. मग हळूच तोंड भोकाजवळ नेऊन म्हणाल्या, "साकेत, जेवलास का रे?" गिटार हूं म्हणाली.

इथं बाईंचे डोळे भरून यायला हवे होते. आले नाहीत. त्यांनी तळवा तारांवर ठेवून आवाज बंद केला. ही गिटार इथंच राहायला हवी, एवढं त्यांच्या मनात आलं, तेही भाजी संपलीय, आणायला हवी, असं येतं तसंच. दोन्ही रेकॉर्डिंगं पाठवून त्यांनी खाली लिहिलं, 'भरीव चांगली. स्वर टिकतो. तीच ने.'

खोटं नव्हतं ते. पण अर्धं खरं सांगून उरलेलं पोटात ठेवणं हे आयांना जितकं छान जमतं तितकं वकिलांनाही जमत नाही.

तासाभरात साकेतचा फोन आला. तो आधी पोटभर हसला. "आई! गिटारचा तानपुरा केलास की गं!"

"मला तेवढंच येतं. तू लाव म्हणालास, मी लावली."

"छान वाटलं पण. कितीतरी दिवसांनी ऐकलं ते." मग तो मुद्द्यावर आला. "भरीवचा स्वर टिकतो हे खरं. पण आई, पोकळच्या रेकॉर्डिंगमध्ये तू पंख्याचं ओरडलीस ना, त्याच्यामागं तारा वाजल्या. ऐकलंस तू?"

"ऐकलं."

"मग 'भरीव ने' असं कसं म्हणालीस?"

साकेतच पुढं म्हणाला, "तुला इथं एक हवी असेल तर सांग. मी भरीव नेतो, पोकळ राहू दे. विकायची नाही. खोली मात्र मोकळी करा. बाबांना तिथं टेबल टाका, वाचायला बरं पडेल त्यांना. कशाला अडवून ठेवताय माझ्यासाठी?"

आणि वीस-बावीस वर्षं गाणाऱ्याच्या मागं गप्प बसलेल्या बाईंनी विचारलं. कसं विचारलं, ते त्यांनाही कळलं नाही.

"साकेत, तू परत येणार नाहीस ना रे?"

तो म्हणाला, "येईन की, आई. भेटायला येईन." आणि मग म्हणाला, "राहायला नाही."

"बरं," इंदुमतीबाई म्हणाल्या. नेहमीसारखाच तो शब्द निघाला, पण या वेळी त्या तिथंच थांबल्या नाहीत. "कुणी असतं का रे तिथं? संध्याकाळी, घरी आल्यावर?"

"कोण असणार? मीच."

"घरात कुणाशी बोलतोस?"

"बोलायला काय आहे, आई? कामावर बोलतो की दिवसभर. घरात नाही बोलत."

बाईंनी पोकळ गिटार जवळ ओढली.

"पोकळ पाठवते," त्या म्हणाल्या. "श्रीनिधीकडं उद्या सकाळी देते. तारा लावल्यात तशाच राहू देत. बदलू नकोस."

"अगं, पण तुला हवी होती ना ती?"

"मला काय करायचीय? मला हे आहेत बोलायला. तू तिच्यासमोर बोलत जा. काहीही बोल. जेवायला काय केलंस ते सांग. ती हूं म्हणते."

साकेतचा आवाज बदलला. तो "आई" म्हणाला. मग फोन बंद झाला. कुणी बंद केला, ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

इंदुमतीबाई स्वयंपाकघरात आल्या. चहाचं आधण ठेवलं. विनायकराव पाठोपाठ आले. "काय ठरलं? पोकळ का भरीव?"

"पोकळ," बाई म्हणाल्या. "आणि तो येणार नाही. राहायला येणार नाही म्हणाला."

विनायकराव ओट्याला टेकले. त्यांना धक्का बसला नव्हता, हे बाईंना दिसलं.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"कुणी सांगितलं नाही मला. पण कळतं की."

"कधीपासून?"

"झाली की दोन वर्षं."

"मग बोलला का नाहीत माझ्याशी?" बाईंचा आवाज चढला. इतका चढला, की शेजारच्या भिंतीपलीकडं गेला असेल. "दोन वर्षं मी येईल येईल म्हणत बसले, मूर्खासारखी, भेटेल त्याला सांगत बसले, आणि तुम्ही ऐकत होता! का नाही बोललात?"

विनायकरावांनी गॅस बारीक केला. "तू बोलशील म्हणून थांबलो होतो," ते म्हणाले. "तू काहीच बोलत नव्हतीस गं. मला वाटलं, तुला आतून काही होतच नाही. मग मी एकट्यानंच कसं रडायचं?"

इंदुमतीबाई ओट्याला पाठ लावून खाली फरशीवर बसल्या आणि रडायला लागल्या. हुंदके देऊन, तोंडाला पदर न लावता, मोठ्यानं. विनायकरावांचे गुडघे धड नव्हते. तरी ते ओट्याला धरत धरत खाली बसले आणि तेही रडले. चहाचं पाणी आटून गेलं तरी दोघांपैकी कुणी उठलं नाही.