डबल बेल

महादेवानं दिलं की गोळीनं दिलं, या एका प्रश्नानं गेल्या वर्षी माझा पिच्छा पुरवला होता. मी काही फार शिकलेला माणूस नाही. एसटीत कंडक्टर होतो. लातूर-नांदेड, लातूर-बिलोली, याच रस्त्यांवर नोकरी संपली. सकाळी गाडी निघताना ड्रायव्हर समोरच्या महादेवाच्या तसबिरीला उदबत्ती लावायचा, मी मागून हात जोडायचो आणि दोरी दोनदा ओढायचो. टिंग टिंग. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. बिलोलीला मुक्कामी गाडी असली की पहाटे तिथल्या महादेवाच्या देवळात जाऊन बसायचो. देवाशी माझं बोलणं एवढंच, पण त्यात कधी खंड पडला नाही. आजही कुठं उदबत्तीचा वास आला की मला त्यात डिझेलचा वास येतो आणि जीव कासावीस होतो.

निवृत्तीनंतर उजवा हात थरथरायला लागला. मी ते चेष्टेवारी नेलं. ‘हात अजून गाडीतच हाय, उतरला न्हाई,’ असं सगळ्यांना सांगायचो. पण मग सदऱ्याची गुंडी लावता येईना. चालताना उंबऱ्यापाशी आलो की पाय जमिनीला चिकटायचे, आणि मी बंद पडलेल्या गाडीसारखा तिथंच उभा. लातूरच्या डॉक्टरांनी कंपवात म्हणून सांगितलं आणि गोळ्या सुरू केल्या. थोड्या दिवसांत हात शांत झाला. पण तो नुसता शांत झाला नाही, तो चित्रं काढायला लागला.

हे समजायला माझी आई माहीत पाहिजे. आमचं गाव निलंग्याकडं. आमच्याकडं वेळ अमावस्येला अख्खं गाव शेतात जेवायला जातं. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, आणि घरच्या कर्त्या माणसानं आंबिलाची बिंदगी डोक्यावर घेऊन बांधानं चालत यायचं. ती मातीची बिंदगी आदल्या दिवशी तांबडी काव आणि चुन्यानं रंगवायची, आणि आमच्या घरी ते काम आईचं; माझी बायको तिला अत्ती म्हणायची. काडीला कापूस गुंडाळून ती बिंदगीवर बैल काढायची, कणसं काढायची आणि शेवटी गळ्यापाशी एक चिमणी. म्हणायची, ‘शेतात पैला घास हिचा.’ मी शेजारी बसून काडी मागायचो. एकदा दिली तर मी बैलाला पाच पाय काढले. आई पोट धरून हसली. त्यानंतर सत्तरी गाठेपर्यंत मी चित्राच्या वाटेला गेलो नव्हतो.

आणि आता हात थांबेना. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर, पिठाच्या डब्यावर, मग मुलाच्या घराच्या भिंतीवर. लुगड्याखाली कोंबडी झाकून तिचं तिकीट चुकवणारी म्हातारी, लोहा गावच्या बाजाराला निघालेले बैलवाले, खिडकीला डोकं टेकून रडणारी सासुरवाशीण. ज्यांना मी तिकीट दिलं आणि विसरलो असं मला वाटत होतं, ती सगळी माणसं एकेक करून बोटांतून उतरायला लागली. शेजारीपाजारी बघायला यायचे. कुणी म्हणालं, महादेवानं हातावर हात ठेवला. मला ते पटलं. खरं सांगायचं तर फार आवडलं. दुखण्यानं हात नेला होता, देवानं तो परत करताना वर काहीतरी घातलं, असं वाटून मी एकटाच डोळे पुसायचो.

पण जेवणाची शुद्ध राहिली नाही. बायको ताट वाढून बसायची. ‘अहो, काय करलालाव? भाकर गार झाली,’ म्हणायची, आणि मी म्हाताऱ्या बायकांच्या कपाळावर कुंकू भरत असायचो. कुणी हातातला खडू काढून घेतला तर मी अंगावर धावून जायला लागलो. शेवटी मुलानं डॉक्टरांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, या गोळीनं काही जणांना असं होतं. कुणाला चित्राचा छंद लागतो, कुणाला लिहिण्याचा, आणि कधी तो आवरेनासा होतो. डोस कमी करून बघू. मी विचारलं, चित्रं जातील का? ते म्हणाले, सांगता येत नाही.

दवाखान्यातून येताना चित्रं जाण्याचं भय होतंच, पण त्याहून मोठं दुःख वेगळं होतं. सगळं जर गोळीचंच होतं, तर माझ्या हातावर हात ठेवणारा कुणी नव्हताच. बायकोला ते कळलं असावं. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, “चित्रं गेली तर गेली. तुमी तर ऱ्हाताव न्हवं.”

डोस कमी झाला आणि हात हळूहळू गप्प झाला. खडू धरून बसायचो, समोर कोरा कागद, आणि एकही प्रवासी गाडीत चढायला तयार नाही. वेळ अमावस्येला आम्ही गावी गेलो. आदल्या दिवशी सूनबाईनं नवी बिंदगी आणि चुन्याची वाटी माझ्यापुढं आणून ठेवली. मी काडी बुडवली, बिंदगीला टेकवली आणि तशीच धरून बसलो. दुपार टळली. शेवटी म्हणालो, न्या कोरीच. महादेवाची तसबीर समोरच होती. त्या दिवशी मी तिला हात जोडले नाहीत.

सकाळी बिंदगी मीच घेईन, असा हट्ट धरला. वडील न्यायचे, मी नेत आलो, आता चित्रही गेलं आणि हेही गेलं तर माझं उरलं काय? खांद्यावर घोंगडी, डोक्यावर आंबील. बायको-मुलं पुढं गेली. दोन्ही बाजूंना खांद्याएवढी ज्वारी, मधून अरुंद बांध. पाण्याच्या चारीपाशी आलो आणि पाय चिकटले. मागं जाता येईना, पुढं जाता येईना. बिंदगी डुचमळून आंबील कानामागून खाली उतरायला लागलं. हाक मारायला तोंड उघडलं, तर आवाजही फुटेना. ही बिंदगी आता पडणार, आणि आपण पुन्हा कधी हिला हात लावणार नाही, एवढंच डोक्यात होतं. मी मनात म्हणालो, बाबा महादेवा, माझ्यानं होत न्हाई. तूच बघ.

मागून कुणीतरी खाकरलं. म्हाताऱ्या माणसाचा आवाज, घाईचा नाही, रागाचाही नाही.

“कंडक्टर, डबल बेल मारा की. लोकं खोळंबलेत.” आणि मी मारण्याआधी त्यानंच तोंडानं मारली. “टिंग टिंग.”

माझा उजवा पाय उचलला गेला. तो चारीच्या पलीकडं पडला, मागोमाग डावा. मी तोंडानं टिंग टिंग करत कोपीपर्यंत चालत गेलो. मुलं हसत होती आणि बायको तोंडाला पदर लावून बघत होती. बिंदगी खाली उतरवल्यावर मी मागं वळलो. बांधावर कुणी नव्हतं. बायकोला विचारलं, तिनं कुणाला पाहिलं नव्हतं. असेल एखादा जुना प्रवासी, दुसऱ्या बांधानं आपल्या शेतात गेला असेल. कंडक्टरला लोक विसरत नाहीत, कधी ना कधी त्याच्याशी भांडलेले असतात. डॉक्टरांनाही पुढं हे सांगितलं. ते म्हणाले, ठेका मिळाला की अशा माणसांचा पाय सुटतो. ते खरंच असणार. मी वाद घालत नाही.

पण त्या दिवशी कोपीत बसल्यावर, भज्जी आणि उंडे खाऊन झाल्यावर, मला माझी गाडी आठवली. डिझेल भरलं म्हणून ड्रायव्हरनं कधी उदबत्ती चुकवली नाही, आणि उदबत्ती लावली म्हणून डिझेल भरायचं राहिलं नाही. गाडी कशानं चालली, असं मी इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नाही. स्टेअरिंग दुसऱ्याच्या हातात होतं आणि मी निवांत तिकिटं फाडत होतो. मग म्हातारपणी हा हिशेब कशाला मागत बसलो होतो?

पांडवांना लावून वाटीत थोडा चुना उरला होता. मी बोट बुडवलं. रिकाम्या बिंदगीच्या गळ्यापाशी, फार हळू, एक चिमणी काढली. लहान झाली, थोडी वाकडीही. मागच्या सगळ्या महिन्यांत एवढी माणसं काढली, पण ही कधी काढली नव्हती. बायको जवळ येऊन बघत राहिली. म्हणाली, “अत्तीची चिमणी.” आणि मला रडू आवरलं नाही.

आता रोज एखादं चित्र होतं, कधी होतही नाही. जेवायला हाक आली की मी उठतो. सकाळी बायको गोळी आणि पाण्याचा तांब्या आणून देते. मी तसबिरीकडं बघतो, गोळी जिभेवर ठेवतो आणि हवेतली दोरी दोनदा ओढतो.